पाण्याचं नातं

(रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



1917 साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं, नगर सोडलं आणि साताऱ्याला बिऱ्हाड केलं. पंचावन्नाव्या वर्षी, प्रकृतीची साथ नसताना, वीसेक वर्षं ज्या संस्थेत काढली तिच्यातून ते बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' नावाचा एक बंधुसंघ त्यांनी उभा करायला घेतला. या दरबाराचं दार दोन प्रकारच्या माणसांना उघडं होतं. बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांना, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही. 9 मे 1919 रोजी टिळक गेले आणि दरबार मूळ धरण्याआधीच विस्कळीत झाला. पण त्यांनी विचारलेला प्रश्न शंभर वर्षं झाली तरी मराठी मंडळीच्या दारात बसून आहे.

तो प्रश्न आपण बहुधा एकाच बाजूनं विचारतो: पाण्यात न उतरता माणूस ख्रिस्ताचा शिष्य होऊ शकतो का? आज मला आधी दुसऱ्या बाजूनं विचारायचं आहे. बाप्तिस्मा माणसाचं नेमकं काय करतो? जे करतो ते झालंच नाही, तर पाणी डोक्यावर पडूनही काय उरतं? माझं उत्तर मी आधीच सांगून ठेवतो. बाप्तिस्मा माणसाला जन्माच्या नात्यातून उचलून एका नव्या नात्यात ठेवतो, आणि ते नातं रोजच्या रोज, ताटापासून सोयरिकीपर्यंत, निभावणं म्हणजे शिष्यत्व. मंडळीनं जिथं जिथं जन्माला बाप्तिस्म्याच्या वर बसवलं, तिथं तिथं शिष्यत्व आटलं. हे जर्मनीत झालं आणि आपल्याकडेही झालं.

सुरुवात यार्देन नदीपासून करू. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना पश्चात्तापासाठी पाण्यात उतरवत होता, आणि पाप्यांच्या त्या रांगेत येशू येऊन उभा राहिला. योहान अडखळला, असं मत्तय सांगतो. ज्याला धुऊन काढण्याजोगं काही नाही, त्यानं या रांगेत कशासाठी यावं? पण येशू रांगेतून हलला नाही. लोकांपासून वेगळं होण्यासाठी तो पाण्यात उतरला नव्हता. लोकांच्या बरोबर उभं राहणं, हीच त्याच्या सेवाकार्याची पहिली कृती होती. ख्रिस्ती बाप्तिस्म्याचा विचार इथून सुरू झाला नाही, की तो फार लवकर केवळ वैयक्तिक शुद्धीचा विधी होऊन बसतो.

पुढे शुभवर्तमानांत एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात लिहिलं आहे की येशू स्वतः बाप्तिस्मा देत नसे, त्याचे शिष्य देत. गालील समुद्राच्या काठी कोळ्यांना त्यानं नुसतं मागं यायला सांगितलं. जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तयालाही तेवढंच. त्याच्या बारा शिष्यांचा ख्रिस्ताच्या नावानं बाप्तिस्मा कधी झाला, याचा उल्लेखही शुभवर्तमानांत नाही. ते शिष्य झाले चालता चालता, चुकत, भांडत. याकोब आणि योहान या भावांनी उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागितल्या, तेव्हा येशूनं त्यांना उलट विचारलं की माझा बाप्तिस्मा तुम्हाला घेता येईल का. यार्देनेचं पाणी तेव्हा मागे पडलं होतं. तो बोलत होता तो वधस्तंभाबद्दल. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हाच धागा धरला आहे. बाप्तिस्म्यात माणूस ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि नव्या जीवनात चालण्यासाठी वर येतो. पुरलं जातं ते काय? जुना माणूस, असं पौल म्हणतो. त्या जुन्या माणसात त्याचं पाप आहेच, पण जन्मानं मिळालेला त्याचा ताठाही आहे. म्हणून तर गलतीकरांस लिहिताना तो म्हणतो की ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्यात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद चालायचे नाहीत.

आणि आता मला थोडं थांबायचं आहे ते प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या आणि अकराव्या अध्यायांपाशी. मराठी माणसाला हे अध्याय जितके कळतील, तितके ते युरोपातल्या कित्येक भाष्यकारांना कळले नसतील असं मला वाटतं. कर्नेल्य हा कैसरियातला रोमी सैन्याधिकारी. सुंता न झालेला, म्हणजे यहूदी नजरेत बाहेरचा. पेत्र त्याच्या घरी बोलत असतानाच पवित्र आत्मा त्या घरातल्या सगळ्यांवर उतरला. पाणी अजून आलं नव्हतं. पेत्रानं सोबतच्यांना विचारलं की यांना पाणी द्यायला आता कोण मना करील, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला. आत्मा आधीच मिळाला होता, मग पाण्याची गरज काय होती? याचं उत्तर पुढच्या ओळींत आहे. पेत्र त्या घरात काही दिवस राहिला. आणि तो यरुशलेमेला परतल्यावर तिथल्या बंधूंनी त्याला कशाचा जाब विचारला? त्यांना बाप्तिस्म्याबद्दल विचारायचं नव्हतं. त्यांची तक्रार होती की तू सुंता न झालेल्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्या पंक्तीला जेवलास.

ज्या समाजात पिढ्यान्पिढ्या पाणी वेगळं आणि पंगत वेगळी, त्या समाजाला ही तक्रार ओळखीची आहे. देवानं त्या घराला आपलं म्हटलं हे आत्म्यानं सिद्ध झालं होतं. पण पेत्राच्या माणसांनी त्या घराला आपलं म्हणायचं बाकी होतं, आणि ते काम पाण्यानं केलं. बाप्तिस्मा कुणाला स्वतःचा स्वतः घेता येत नाही. तो दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो, आणि ज्याच्या हातून घ्यायचा त्याच्यावरही बंधन पडतं. पेत्रानं पाणी दिलं, आणि त्याच क्षणी कर्नेल्याच्या ताटाला ताट लावण्याचं ओझं त्यानं आपल्या डोक्यावर घेतलं.

ते त्याला पेललं का? काही काळानं अंत्युखियात तो परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसं आली आणि पेत्र हळूहळू पंक्तीतून मागे सरला. बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलानं पेत्राला तोंडावर, सगळ्यांसमोर सुनावलं. हे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळालं ते याच अंत्युखियात. म्हणजे आपल्या नावाच्या जन्मगावीच आपली पहिली मोठी परीक्षा पंक्तीवरून झाली, आणि मुख्य प्रेषित त्या परीक्षेत घसरला. त्याचा बाप्तिस्मा काही पुसला गेला नाही. शिष्यत्व मात्र त्या दिवशी ताटावरून उठून गेलं.

आरंभीच्या मंडळीला ही जोखीम ठाऊक होती. म्हणून तिनं पाण्याआधी लांब वाट ठेवली. 'दिदाखे' या फार जुन्या ग्रंथात बाप्तिस्म्याच्या सूचना आहेत. वाहतं पाणी घ्यावं, नसेल तर दुसरं, थंड नसेल तर ऊन, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. पाण्याच्या बाबतीत इतकी सूट. पण घेणाऱ्यानं आधी एक-दोन दिवस उपास करावा, आणि देणाऱ्यानंही उपास करावा, यात सूट नाही. हिप्पोलितच्या नावावर असलेल्या 'प्रेषितीय परंपरा' या ग्रंथात तर इच्छुकानं तीन वर्षं वचन ऐकावं असं आहे. कुणी विशेष आस्थेनं चालला असेल तर वर्षं मोजू नयेत, वागणूक पाहावी, असंही लगेच म्हटलं आहे. त्याचा धंदा काय ते विचारलं जाई. कुंटणखाना चालवणाऱ्यानं तो बंद करावा, आखाड्यात माणसं मारणाऱ्यानं ते सोडावं, नाहीतर परत जावं. आणि अखेरीस, बाप्तिस्म्याच्या तोंडावर, त्याला घेऊन येणाऱ्यांना विचारत की यानं विधवांना मान दिला का, आजाऱ्यांना भेटला का, सगळी सत्कृत्यं केली का. आपल्या बाप्तिस्म्याच्या वर्गात आपण मुलांकडून विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा म्हणवून घेतो. ते करावंच. पण विधवेचा प्रश्न आपण कधी गाळला?

चौथ्या शतकात राजसत्ता ख्रिस्ती झाली आणि वाट आखूड होत गेली. खुद्द सम्राट कॉन्स्टन्टाइननं बाप्तिस्मा घेतला तो 337 साली, मरणशय्येवर. सारं पाप धुतलं जावं आणि शिष्यत्वाचे दिवस थोडेच उरावेत, असाच हिशेब त्या काळी अनेक जण करत. नंतर तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा सरसकट झाला आणि अख्खे देश जन्मानंच ख्रिस्ती म्हणवू लागले. सोळाव्या शतकात झ्युरिकमधल्या काही तरुणांनी हे नाकारलं. विश्वास धरणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा असं ते म्हणाले, आणि 1527 च्या जानेवारीत त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आलं. बाप्तिस्म्यासाठी बुडवून मृत्युदंड! ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती माणसाला दिलेला.

बाळांचा की मोठ्यांचा, या वादात मी आज शिरत नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तेव्हा दोन्ही रीती एकाच मंडळीत नांदतील असं ठरलं, आणि त्या नांदतही आहेत. मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो. बाळाचा बाप्तिस्मा सांगतो की कृपा आपल्या समजुतीच्या आधी धावते. मोठ्याचा बाप्तिस्मा सांगतो की त्या कृपेला स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यावं लागतं. दोन्ही रीतींत एकच भीती आहे, की पाणी झाल्यावर सारं संपलं असं मानलं जाईल.

ती भीती सर्वांत भयंकर रूपात खरी झाली 1933 च्या जर्मनीत. सप्टेंबर महिन्यात प्रशियाच्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट मंडळीच्या सभेनं ठराव केला की यहूदी वंशाच्या माणसाला पाळकपदावर राहता येणार नाही. त्याचा बाप्तिस्मा झालेला असो, त्याच्या बापाचा झालेला असो, वंश आडवा येणार. हिटलरच्या राज्यातलं रक्ताचं गणित मंडळीनं आपल्या वेदीपाशी आणून मांडलं. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर तेव्हा 27 वर्षांचा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. मंडळीत कोण, हे वंश ठरवू लागला तर ती मंडळी ख्रिस्ताची उरली नाही. पुढे फिंकेनवाल्ड इथं तो तरुण पाळकांना शिकवत असे. ते गुरुकुल 1937 साली गेस्टापोनं बंद पाडलं, आणि त्याच वर्षी शिष्यत्वावरचा त्याचा ग्रंथ निघाला. स्वस्त झालेली कृपा हा मंडळीचा मोठा शत्रू आहे, असं त्यानं त्यात लिहिलं, आणि शिस्तीविना दिलेला बाप्तिस्मा त्या स्वस्त कृपेत मोजला. पहिल्या तीन शुभवर्तमानांत जे येशूच्या मागं जाणं आहे, तेच पौलाच्या पत्रांत बाप्तिस्मा आहे, असंही तो दाखवतो. समुद्रकाठची हाक ऐकून कोळ्यांनी जाळी टाकून दिली, तसा आपण बाप्तिस्म्यात जुना मालक सोडतो. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत त्याला फाशी दिलं.

जर्मनीवर बोट ठेवणं सोपं आहे. आपल्याकडे रक्ताच्या जागी जात आहे. गोव्यात सोळाव्या शतकापासून बाप्तिस्मा झाला, पण बामण आणि चार्डो हे भेद चर्चच्या आत आले, आणि धार्मिक मंडळांचं सभासदत्वही जातीवर बेतलं गेलं. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत हे नाही असं कुणी म्हणेल, तर त्यानं लग्नाची स्थळं कशी पाहिली जातात ते आठवावं. प्रभुभोजनाचा प्याला एकच असतो. सोयरिकीच्या वेळी आजोबांची मूळ जात विचारली जाते. मंडळीतला अंत्युखियाचा प्रसंग अजून मिटलेला नाही.

तरी याच भूमीत मला उलट साक्षही दिसते. 1843 साली मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाच्या मुलाचं प्रकरण गाजलं. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला. श्रीपत अल्पवयीन म्हणून न्यायालयानं त्याला वडिलांच्या हवाली केलं. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला होता, म्हणून त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून वादळ उठलं, आणि बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले. त्या काळच्या मुंबईला ठाऊक होतं की धर्माची हद्द पंक्तीवरून जाते.

पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला, लेक मनोरमेसह. पण कुण्या बिशपच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द शिरसावंद्य मानायला त्या तयार नव्हत्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो दीर्घ पत्रव्यवहार झाला, तो बाप्तिस्म्यानं बुद्धी गहाण पडत नाही याचा पुरावा आहे. आणि मग त्यांची स्वतःचीच कबुली. आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. या कबुलीनं काही जण गोंधळतात. मग 1883 चं पाणी फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. पाण्यानं त्यांना वाटेवर आणलं होतं, आणि वाट चालायला आठ वर्षं लागली. शारदा सदन या आपल्या संस्थेत त्यांनी विधवांना आपापल्या जातीचे आचार पाळायची मोकळीक ठेवली होती. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली आल्या त्या नाना जातींच्या, आणि एका घरच्या झाल्या.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण याच्या नेमकं उलट दिशेचं आहे. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. बाई पतीकडे परत आल्या तरी सोवळं सोडायला तयार नव्हत्या. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना आठवत असेल, त्यांचं मन वळवलं ते कुणाच्या प्रवचनानं नव्हे. जाती देवानं केल्या असत्या तर माणसांच्या देहांत फरक दिसला असता, असा विचार त्यांनी स्वतः केला आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. भेद त्याआधीच सुटला होता. पंक्ती आधी, पाणी नंतर. कर्नेल्याच्या घरात आत्मा आधी आला, तसं.

म्हणून टिळकांच्या दरबाराकडे परत जाताना मला त्यांची बंडखोरी दिसत नाही, त्यांच्या घरातला अनुभव दिसतो. पाण्याआधी शिष्यत्व सुरू झालेलं त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. पन्नासेक वर्षांनी हाच प्रश्न एम. एम. थॉमस आणि लेस्ली न्यूबिगिन या दोन ख्रिस्ती विचारवंतांत रंगला. थॉमस म्हणत की भारतात बाप्तिस्मा म्हणजे एका कायदेशीर जमातीतून दुसरीत जाणं होऊन बसलं आहे, तेव्हा मंडळीच्या भिंतीबाहेरही ख्रिस्तकेंद्रित सहवास असू शकतो हे मान्य करा. न्यूबिगिन म्हणत की ख्रिस्ताशी निष्ठा कुठेतरी दिसणाऱ्या, एकत्र जमणाऱ्या, एकमेकांना बांधील अशा समाजात उतरलीच पाहिजे. मी दोघांपैकी न्यूबिगिनकडे झुकतो. एकट्याचं शिष्यत्व फार सहज स्वतःच्या सोयीचं होतं, आणि पाणी आपल्याला अशा माणसांच्या स्वाधीन करतं ज्यांची आपण निवड केलेली नसते. पण थॉमस यांनी दाखवलेली जखम खरी आहे, आणि ती आज जास्त खोल आहे.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या एका अर्जदार महिलेला सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातीचा दाखला नाकारला, आणि तिचा लहानपणी झालेला बाप्तिस्मा व नियमित चर्चला जाणं हे पुरावे म्हणून धरले. बाळपणी कपाळावर पडलेलं पाणी न्यायालयात साक्षीला येतं, ही आजची स्थिती आहे. गावात ख्रिस्ती दलिताला वाळीत टाकणारी जात मात्र बाप्तिस्म्यानं गेलेली नसते. म्हणून आपल्या मंडळ्यांच्या शेवटच्या बाकावर अशी तरुण माणसं बसतात, जी दर रविवारी येतात, बायबल वाचतात, आजाऱ्यांसाठी रात्र जागवतात, आणि बाप्तिस्म्याचं नाव निघालं की मान खाली घालतात. शिष्यवृत्ती जाईल, नोकरीची जागा जाईल, धाकट्या बहिणीचं शिक्षण थांबेल.

यांना भित्रे म्हणणारे पाळक मी ऐकले आहेत. मला ते पटत नाही. पाणी देणाऱ्यावरही बंधन पडतं हे खरं असेल, तर पेत्रानं जे कर्नेल्याच्या घरी राहून, जेवून केलं, ते आपण या मुलांसाठी काय केलं आहे? त्यांच्या वाट्याला येणारं नुकसान सोसायची तयारी मंडळीनं कधी दाखवली का? दर्जाची मागणी आपण निवेदनांतून करतो, ती करत राहू. पण मंडळीकडे जमिनी आहेत, शाळा आहेत, वसतिगृहं आहेत, वार्षिक अंदाजपत्रक आहे. येत्या वर्षीच्या अंदाजपत्रकात या मुलांच्या फीसाठी एक रक्कम धरा, आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून ज्याची शिष्यवृत्ती गेली त्याचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत ती चालू ठेवा. आपल्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर अशांना आधी घ्या. आणि लग्नाच्या बैठकीत आजोबांची जात विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांना पाळकानं प्रभुभोजनाआधी एकदा भेटावं, पौल पेत्राला भेटला तसं. त्यानंतर त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला बाप्तिस्म्याबद्दल खुशाल विचारा.